सतरा नंबरचं नाव

१

कपाटाला कुलूप होतं, कुलपावर ओरखडा नव्हता आणि कपाटात लाखेचं पाकीट नव्हतं.

निधीचे कार्यवाह रूपरावजी झाडे यांनी वरचा खण पाहिला, खालचा पाहिला आणि पुन्हा वरचा पाहिला. मग किल्ली तशीच हातात धरून ते वळले.

"बाई, पाकीट नाई."

लीलाबाई वानखडे दाराशी चपला काढत होत्या. त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. मंगळवार, ३१ मार्च १९८१. आज संध्याकाळी पाचच्या आत वर्ध्याच्या तारघरातून एक नाव अमेरिकेला गेलं नाही, तर यंदाची जागा दुसऱ्या जिल्ह्याला जाणार होती.

जागा होती ओहायो राज्यातल्या एका कॉलेजातली. चार वर्षांची फी, राहणं, जेवण आणि जाण्यायेण्याचं भाडं सगळं महादेवराव कोल्हे देत. हे महादेवराव मूळचे वडनेरचे. वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत शिकायला गेले आणि पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना काढून गबर झाले. तीन वर्षांपासून त्यांचा 'वडनेर शिक्षण निधी' दरसाल एका मुलाला किंवा मुलीला तिकडे नेत होता. नियम त्यांनीच घालून दिले होते. पंधरा तारखेच्या रविवारी बावीस उमेदवारांनी चिठ्ठ्या उचलल्या, ज्याच्या चिठ्ठीवर जो नंबर निघाला त्यासमोर त्याने यादीत आपल्या हाताने सही केली, आणि निबंधावर फक्त नंबर घातला. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून टंकलेखक ताराचंद याने सगळे निबंध टाइप केले. मग हाताने लिहिलेले निबंध आणि सह्यांची यादी एका पाकिटात घालून पाकिटावर लाख ओतली.

काल संध्याकाळी सहा वाजता तिघा परीक्षकांनी निवड केली. नंबर सतरा. ठरावावर सह्या करून नागपूरचे दोघे परीक्षक रात्रीच्या गाडीने परत गेले. तिसऱ्या लीलाबाई. तीस वर्षं जिल्ह्यातल्या शाळा तपासून निवृत्त झालेल्या.

आता निवडलेला नंबर हातात होता. तो कोणाचा, हे सांगणारा कागद कपाटातून गेला होता.

"पोलिसात जायचं?" रूपरावजींनी विचारलं.

"पंचनाम्यालाच पाच वाजतील," लीलाबाई म्हणाल्या. "बसा. आणि कुणाला घरी जाऊ देऊ नका."

२

कार्यालय म्हणजे धान्यबाजारात बंडूजी अडत्यांच्या घराची माडी. जिना त्यांच्याच अंगणातून वर यायचा. कपाटाची एक किल्ली रूपरावजींच्या कमरेला आणि दुसरी टेबलाच्या खणात, शाईच्या पॅडखाली. ती तिथे असते हे माडीवर येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक.

लीलाबाईंनी आधी ताराचंदला बोलावलं. तिशीचा, काटकुळा, वडनेरहून रोज एसटीने येणारा.

"काल किती वाजता गेलात?"

"पाचच्या बसनं. कंडक्टरले विचारा, माझ्या मामाचाच पोरगा हाय." मग त्याने मान पुढे काढली. "बाई, मंग लागला कोनाचा नंबर?"

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"मले कोन सांगते? आमी फक्त बोटं बडवाची."

त्याच्यामागून मनकर्णाबाई आली. ती माडी झाडायची आणि चहा करायची. काल चहा दिला तो पाचला, आणि मग ती भांडी घेऊन खाली गेली. सकाळी सात वाजता झाडलं तेव्हा कपाट बंदच होतं.

"मी कागद कायले चोरू, बाई? मले अंगठा येते फक्त. चोरलाच असता तर डब्बा चोरला असता साखरेचा."

रूपरावजी हे सारं भिंतीला टेकून ऐकत होते. चौतीस वर्षं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस. अर्जावर तारीख नसली तरी अर्ज परत करणारा. आज त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"जबाबदारी माझी," ते म्हणाले. "मी राजीनामा लिहून देतो."

"राजीनाम्यानं नाव सापडत नाही, रूपरावजी."

उमेदवारांना गोळा करून सतरा नंबर कोणाचा ते विचारावं, हा विचार लीलाबाईंच्या मनात आलाच होता. पण नियमांच्या कागदावरचं सहावं कलम त्यांना पाठ होतं. नाव कळवेपर्यंत परीक्षकाने किंवा कार्यवाहाने कोणत्याही उमेदवाराशी एक शब्द बोलायचा नाही. बोलल्यास त्या जिल्ह्याची जागा रद्द.

नियमांसोबत महादेवरावांचं पत्र टाचलेलं होतं. लीलाबाईंनी ते पुन्हा वाचलं.

'मी इथे आलो तेव्हा माझी पहिल्या वर्षाची फी एका अनोळखी म्हाताऱ्याने भरली. त्याचं नाव मला तो मेल्यावर कळलं. त्याचा बुटांचा कारखाना होता. त्या कारखान्यात मजुरांना काय मिळत होतं, तेही नंतरच कळलं. इथले श्रीमंत हयातीतच देतात, इमारतीवर नाव घालतात आणि करही वाचवतात. मीही तेच करतो. या देशात होतकरू माणसाला वाव आहे, हे खरं आहे. पण सुट्टीच्या दिवशी ज्याच्या बापासोबत मालक गोल्फ खेळतो तो मुलगा आधी आत जातो, हेही मी पाहिलं आहे. म्हणून नावं झाका. निदान माझ्या पैशाने तरी ओळखीचं दार उघडू नये.'

साडेअकरा वाजता रूपरावजी एकदम उठले. खुंटीवरच्या पिशवीतून त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

"बाई, डोकंच काम नव्हतं करत. नियमात बसत नाई, पन मी यादीची नक्कल करून ठेवली होती."

त्यांनी पान उलगडलं. एक ते बावीस, वळणदार अक्षरात. लीलाबाईंचं बोट सतरावर थांबलं.

चंद्रभान बंडूजी गावंडे.

माडीच्या मालकाचा मुलगा.

३

दहा मिनिटांत बंडूजी स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढून आले. धिप्पाड माणूस, मनगटात चांदीचं कडं, बोलणं बाजारातलं, खणखणीत.

"घ्या बाई, तोंड गोड करा. रूपरावजी, तुमीबी घ्या. तोंड काऊन पाडलं?"

लीलाबाईंनी पेढा घेतला आणि टेबलावर ठेवला. वडील काही उमेदवार नव्हते. त्यांच्याशी बोलायला मनाई नव्हती.

"चंद्रभान कुठे आहे?"

"गेला असंन दोस्ताकडे. सकाळी पकडून शिंप्याकडे नेला त्याले. नऊलाच दुकान उघडाले लावलं. लोकरीचा कोट शिवतो म्हटलं, अस्तर लावून. शिंपी हसते मले. म्हने, बंडूजी, वर्ध्याच्या उन्हात कोट? म्हटलं, बाबू, तिकडे छातीएवढा बर्फ पडते, तू माप घे."

पंख्याच्या वाऱ्याने पेढ्यांचा कागद फडफडत होता. लीलाबाईंनी त्यावर दौत ठेवली.

"नऊ वाजता?"

"नऊ, सव्वानऊ."

कपाट उघडलं होतं सव्वादहाला. वही निघाली साडेअकराला. लीलाबाईंनी रूपरावजींकडे पाहिलं नाही. त्यांनी आवाज होता तसाच ठेवला.

"तुम्हाला कसं कळलं, बंडूजी?"

बंडूजींचा हात कड्याकडे गेला. ते त्यांनी मनगटावर एकदा फिरवलं. "बापाच्या मनाले समजते, बाई," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"बरं, एक सांगा. तुमच्या धंद्यात शंभर पोती आली की तुम्ही किती धरता?"

"अठ्ठ्यान्नव. दोन कडत्यात. कचरा असते, ओल असते."

"कोणी एकशे पाच धरतं का?"

बंडूजी मनापासून हसले. "एकशे पाच? त्याले अडत्या नाई, साधू म्हनतात."

ते खाली गेल्यावर रूपरावजींनी तारेचा फॉर्म पुढे सरकवला. चंद्रभानचं नाव इंग्रजीत लिहून तयार होतं. नियमाप्रमाणे तारेवर दोन सह्या लागत, कार्यवाहाची आणि एका परीक्षकाची. एक झाली होती.

"सही करा बाई. ऊन वाढायच्या आत लावून येतो."

"पाचपर्यंत वेळ आहे," लीलाबाई म्हणाल्या.

४

सतरा नंबरच्या निबंधात एक वाक्य होतं. त्यावरून काल वाद झाला होता. विषय होता, दहा लाख रुपये हाती आले तर गावासाठी काय कराल. सतरा नंबरने लिहिलं होतं: 'मी शंभर मुलांना शिकवीन. म्हणून एकशे पाच जणांची सोय करीन.' त्यापुढे खुलासा नाही, लगेच वसतिगृहाच्या विहिरीविषयी. नागपूरच्या एका परीक्षकाने 'एकशे पाच'खाली लाल रेघ मारली होती. हिशेबात ढिलाई, असं म्हणून एक गुण कापला होता. तरीही सगळ्यांत जास्त गुण सतरालाच पडले.

लीलाबाईंनी ताराचंदला हाक मारली.

"हा आकडा तुमच्या हातून चुकला का?"

"नाई बाई. मलेबी तसंच वाटलं होतं. रूपरावजीले विचारलं, तं ते म्हने, माशीले माशी ठोक. मुळात एकशे पाचच होतं. अक्षरात लिहिलं होतं, आकड्यात नाई."

कपबश्या गोळा करायला आलेली मनकर्णाबाई मध्येच बोलली. "त्यात चुकलं काय? सांबाराच्या, कोथिंबिरीच्या हो, शंभर जुड्या घेतल्या का पाच वरच्या येतातच. वसतिगृहात सैपाक करत होतो ना मी, रोज मोजून घेत होतो."

"सगळेच देतात?"

"मळेवाले देतात. दुकानदार कायले देते?"

लीलाबाईंनी अर्जांची फाइल उघडली. उमेदवारांची नावं गुप्त नव्हती, नंबर गुप्त होते. बावीस अर्ज, वडिलांचा व्यवसाय या रकान्यात शेती, शेती, नोकरी, अडत, शेती. भाजीचा मळा एकाच अर्जावर होता. गोपिका नत्थूजी शेंडे, बोरगाव मेघे. वहीत तिच्या नावासमोर सहा आकडा होता.

त्यांनी सहा नंबरचा निबंध काढला. त्यात गावासाठी गोदाम बांधायचं होतं. चांगला, मुद्देसूद निबंध. दुसऱ्या पानावर गोदामाच्या उत्पन्नाचा अंदाज होता: 'शंभर पोती आली तर अठ्ठ्याण्णव धरून.'

त्यांनी दोन्ही निबंध पिशवीत घातले आणि खाली उतरून रिक्षा केली. दीड वाजला होता.

बोरगाव मेघेच्या टोकाला नव्या घरांची रांग संपत होती तिथे नत्थूजींचा मळा सुरू होत होता. नत्थूजी जांभळीखाली ओल्या गोणपाटावर कोथिंबिरीच्या जुड्या लावत बसले होते. शाळा तपासणाऱ्या बाईंना पाहून ते उठायला लागले. लीलाबाईंनी हातानेच बसा म्हटलं.

"मोजणी चालू द्या."

"अठ्ठ्यान्नव, नव्व्यान्नव, शंभर." त्यांनी टोपलीवर फडकं टाकलं नाही. आणखी पाच जुड्या उचलून आडव्या ठेवल्या आणि मग फडकं बांधलं.

"या पाच कशाच्या?"

"वरच्या. बजारात जाऊन राह्यल्या उन्हाच्या. दोनचार दबतात, सुकतात. घेनाऱ्याले शंभर पुरल्या पायजे ना."

"याचे पैसे मिळतात?"

"कोन देते? आपल्याच अंगावर. माह्या बापानं देल्ल्या, मीबी देतो. घरचं लेकरू आधी एकशे पाचपर्यंत मोजाले शिकते, मंग शाळेत जाते."

पावलं वाजली. सतराअठरा वर्षांची मुलगी पाण्याचा लोटा आणि पेला घेऊन आली. हातांना मातीचा वास. तिने पेला पुढे केला आणि सरळ विचारलं.

"बाई, आमच्या परीक्षेचं काई समजलं का?"

लीलाबाईंनी पेला घेतला. मान हलवली तरी ते उत्तर झालं असतं. पेल्यातल्या पाण्याकडे पाहत त्या सगळं पाणी प्यायल्या आणि त्यांनी रिकामा पेला परत दिला. चेहरा कोरा ठेवायला त्यांना इतका त्रास कुठल्याच तपासणीत झाला नव्हता.

मुलीने पेला लोट्यावर पालथा घातला. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, मोठ्या लोकायले पानी चालते आपलं. बोलनं चालत नाई."

"गोपे," नत्थूजी दटावून म्हणाले.

ती विहिरीकडे चालती झाली. लीलाबाई रिक्षात बसल्या. एक शब्द बोलल्या असत्या, तर तिची जागा तिथेच गेली असती.

५

माडीवर परत आल्या तेव्हा साडेतीन झाले होते. त्यांनी ताराचंदला आणि मनकर्णाबाईला खाली पाठवलं, दार लोटलं आणि रूपरावजींच्या समोरची खुर्ची घेतली.

"सही," रूपरावजी म्हणाले.

"ऐका आधी. सतरा नंबरने शंभरासाठी एकशे पाच धरले. असं मळेवाले धरतात, आणि बावीस जणांत मळा एकाचाच आहे. सहा नंबरने शंभराचे अठ्ठ्याण्णव धरले. असं अडते धरतात, आणि अडत्याही एकच आहे. तुमच्या वहीत ही दोनच नावं उलटी पडली आहेत. बाकी वीस बरोबर असतील. तेवढी उलटायची गरज नव्हती."

"मुलं कुठूनही ऐकतात, बाई. आकडा काय कुणाच्या बापाचा असते?"

"मानलं. मग कोट. कपाट रिकामं आहे हे आपल्याला सव्वादहाला कळलं. बंडूजींना मुलगा अमेरिकेला जाणार हे नऊला माहीत होतं."

"हौशी माणूस. आधीपासूनच उड्या मारत होता."

"हौशी असला तरी अडत्या आहे. भाव फुटल्याशिवाय लोकरीचं कापड घेत नाही." लीलाबाई थांबल्या. "आणि वही लिहिणाऱ्याला काल सतरा निवडला हे माहीत असायला हवं, नाहीतर चंद्रभानला सतरावर कसं बसवणार? ताराचंद पाचच्या बसने गेला. मनकर्णाबाई चहा देऊन खाली गेली. निवड झाली सहाला. तेव्हा खोलीत चार माणसं होती. दोघं नागपूरला आहेत. उरले मी आणि तुम्ही."

रूपरावजी टेबलावरच्या फॉर्मकडे पाहत राहिले. बाजारात कुणीतरी तराजूची पारडी आपटली.

"ज्या माणसानं तारीख नाही म्हणून अर्ज परत केले, त्यानं नियम मोडून नक्कल ठेवली, हे मी साडेअकरालाच मानायला नको होतं. सह्या होत्या म्हणून तुम्हाला यादी बदलता येईना. म्हणून ती हरवावी लागली. आणि उमेदवाराला आम्ही विचारू शकत नाही, हेही तुम्हाला पाठ."

"हा सारा तर्क झाला," रूपरावजी हळू म्हणाले.

"हो. म्हणून तुमच्या सहीशिवाय माझं नाव जात नाही. माझ्या सहीशिवाय तुमचं जात नाही. बसू पाचपर्यंत. मग कोणाचंच जायचं नाही."

चार वाजले. रूपरावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चार वाजून दहा मिनिटांनी ते बोलले, बोलताना समोर पाहिलं नाही.

"महादेवराव तिकडून पैसा पाठवतात. लाखातले हजार. पाटीवर नाव त्यांचं, पेपरात नाव त्यांचं. बंडूजी तीन वर्षांपासून ही माडी देऊन राह्यले. भाडं नाई, विजेचं बिल नाई. कोनी हार घातला त्याले? पोरगं हुशार हाय, बाई. दोन गुनानं मागं होतं फक्त. मले वाटलं, गावातल्या दानाचंबी कोनी काई ठेवलं पायजे."

"बंडूजींनी मागितलं होतं?"

"नाई. मागितलं असतं तं मी नाई म्हटलं असतं. काल रात्री मीच खाली जाऊन सांगितलं, चंद्रभान लागला म्हनून. त्याच्या बायकोनं देवाजवळ दिवा लावला. मंग परतता येईना."

लीलाबाईंना त्यांच्यावर चिडता येईना, आणि चिडायला वेळही नव्हता.

"यादी कुठे आहे?"

"जाळली."

"तुम्ही?" लीलाबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षांत तुम्ही जाळलेला एक कागद मला सांगा. वाळवी लागलेल्या सातबाऱ्यांनासुद्धा तुम्ही खळ लावून चिकटवत बसायचात. सगळं तहसील हसायचं तुम्हाला."

रूपरावजींनी मांडीवरची टोपी टेबलावर ठेवली. मग ते उठले. खुंटीवरच्या पिशवीतून त्यांनी जेवणाचा डबा काढला, डब्याखालचं वर्तमानपत्र काढलं, आणि त्याच्या घडीतून पाकीट. लाख फुटली होती. आतले कागद नंबरवार लावून टाचणी मारलेले होते.

लीलाबाईंनी यादी उघडली. सतरा. गोल, घोटीव अक्षरात सही: गोपिका नत्थूजी शेंडे.

चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

६

तारघर फार लांब नव्हतं, पण रिक्षा मिळाली नाही. दोघं उन्हातून चालत गेले. रूपरावजी पुढे, लीलाबाई मागे. खिडकीसमोर तीन माणसं होती. एक बाई कुणाच्या तरी मरणाची तार देत होती आणि तिला पत्ता आठवत नव्हता. लीलाबाईंनी घड्याळ पाहिलं नाही. तिला पत्ता आठवेपर्यंत त्या थांबल्या.

नवा फॉर्म रूपरावजींनी घेतला. कार्यवाहानेच तो भरायचा असा नियम होता. खिडकीच्या कट्ट्यावर फॉर्म ठेवून त्यांनी टाक उचलला.

"महादेवरावांना काय कळवणार?"

"घडलं तेच. पत्र तुम्ही लिहायचं, मी वाचून सही करीन. पुढे तुमचं काय करायचं ते ते ठरवतील."

"आन् बंडूजी?"

"तेही तुम्हीच सांगायचं. आजच. शिंप्यानं कापडाला कात्री लावायच्या आत."

"माडी जाईन."

"गेली तर दुसरी बघू. नाहीतर माझ्या ओसरीवर टेबल टाकू."

रूपरावजींनी लिहायला घेतलं. मोठी, सुटी इंग्रजी अक्षरं, चौतीस वर्षं फायलींच्या पाठीवर घालत आले तशीच. जी, ओ, पी. नाव पूर्ण झाल्यावर त्यांनी ते यादीतल्या सहीशी ताडून पाहिलं आणि मग खाली आपली सही केली. लीलाबाईंनी त्याशेजारी केली.

तारबाबूने पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजले, पैसे घेतले आणि फॉर्मवर शिक्का मारला. शिक्क्यात वेळ होती सोळा अठ्ठेचाळीस. आतल्या खोलीत यंत्र वाजायला लागलं. रूपरावजी ते ऐकत उभे राहिले. मग धान्यबाजाराच्या रस्त्याला लागले.

लीलाबाई बोरगावला पोचल्या तेव्हा ऊन कलंडलं होतं. गोपिका विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी पालकाच्या मुळ्या धुवत होती. तिने बाईंना पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

"गोपिका," लीलाबाई म्हणाल्या, "तुझी निवड झाली. आता तार लावून आले. दुपारी बोलले असते तर गेली असती जागा."

मुलीचे हात पाण्यातच राहिले.

"बाबाले सांगितलं?"

"नाही. आधी तुला."

"मंग नका सांगू. मी सांगतो."

ती उठली. ओले हात परकराला पुसत बांधावरून मळ्याच्या पलीकडच्या टोकाला गेली. नत्थूजी तिथे वाफ्याला पाणी वळवत होते. एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. लीलाबाईंना दिसलं ते इतकंच. मुलगी बोलत होती, आणि बाप हातातलं फावडं टेकून उभा होता. मग त्याने डोक्याचा शेला काढला, तोंड पुसलं आणि तिथेच बांधावर बसला. वाफा भरून पाणी बाहेर वाहायला लागलं. तेव्हा गोपिकेने त्याच्या हातून फावडं घेतलं आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.